दोन कानांचा कॉम्प्युटर

माझ्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की तिचा छडा लागेपर्यंत मला चैन पडत नाही. त्यामुळे घरात माझं नाव भुंगा. हे नाव आत्याने ठेवलं आणि वैतागून सगळ्यात जास्त वेळा तीच घेते. त्या दिवशी तिने स्वतः फोन करून "भुंग्या, मोकळी आहेस का?" असं विचारलं, तेव्हा मी हातातलं काम तिथेच सोडलं. आत्या कुणाकडे काही मागणाऱ्यातली नाही. मी तासाभरात तिच्या स्वयंपाकघरात हजर.

आत्या हॅचरीत काम करते. कोंबडीविना अंडी उबवायची म्हणजे कपाटाएवढ्या मशीनमध्ये ट्रे लावायचे आणि आतलं तापमान साडेसदतीस अंशांवर ठेवायचं. अंडी सुरुवातीला ज्यात ठेवतात तो सेटर. पिल्लं बाहेर पडायच्या बेताला आली की ज्यात हलवतात तो हॅचर. सेटरची खोली वेगळी, हॅचरची वेगळी, आणि दोन्हींच्या मध्ये काचेची एक छोटी खोली. तिथे टेबलावर कॉम्प्युटर, पडद्यावर सगळ्या मशीनचे आकडे आणि समोरच्या खुर्चीत आत्या. आकडा भलतीकडे गेला की अलार्म वाजायचा आणि आत्या पळायची. वर्षानुवर्षं हेच तिचं काम होतं.

"होतं" असं म्हणायला लागतंय, कारण काही आठवड्यांपूर्वी एका सेटरचा पंखा बंद पडला, आतली हवा तापत गेली आणि नुकतीच भरलेली अख्खी खेप शिजली. आत्या तेव्हा खुर्चीतच होती. मालक सहज सेटरच्या खोलीत गेले, मशीनवरच्या छोट्या पट्टीतला आकडा बघितला आणि ओरडत बाहेर आले, तेव्हा तिला कळलं. कॉम्प्युटर बसवून देणारा माणूस आला. त्याने मुद्दाम एक सेटर उघडा ठेवला, तर अलार्म असा ठणाणा वाजला की अंगणातली कुत्री भुंकायला लागली. म्हणजे अलार्म ठीक, कॉम्प्युटर ठीक. उरली कोण? आत्या.

मालक भला माणूस. काढून नाही टाकलं. "बाई, वय झालं की होतं असं, डोळा लागतो," असं म्हणून तिला अंडी निवडायच्या टेबलावर बसवलं आणि काचेच्या खोलीत ते स्वतः बसायला लागले. त्यानंतरची खेप बिनबोभाट पार पडली. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली.

"अलार्म वाजला नाही," आत्या म्हणाली. भाजी चिरता चिरता ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी पडद्याकडे बघत होते. साडेसदतीस. हिरवा. पुन्हा बघितलं, साडेसदतीस. असं मला आठवतंय."

"मग तेच सांग ना सगळ्यांना."

"सांगितलं की. पहिले काही दिवस घसा कोरडा करून सांगितलं." तिने सुरी खाली ठेवली. "पण आता मलाच समजत नाही गं. सगळे म्हणतात डोळा लागला. डोळा लागलेल्याला कुठे कळतं डोळा लागल्याचं? मला जे आठवतंय ते बघितलेलं आहे की स्वप्नात पाहिलेलं? रात्री पडलं की हेच. झोपच येत नाही. झोपायचीच भीती वाटते."

मला एकदम भरून आलं. आत्या म्हणजे आमच्या घरातलं घड्याळ, सगळ्यांच्या आधी उठणारी. तिच्या डोळ्यांखाली चांगली काळी वर्तुळं आली होती.

"तू नेटवर्कचं काम करतेस," ती म्हणाली. "मला नोकरी परत नको, काही नको. मला डुलकी लागली होती का, एवढंच शोधून दे. लागली असेल तर लागली असं सांग. मी ऐकून घेईन."

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना?"

मालकांनी परवानगी दिली, तीही हसून. "बघा बापडे. मशीन धुऊन झाल्यात, रिकाम्या चालवून तापवून ठेवल्यात. उद्या अंडी येणार. आज तुम्हाला काय हवा तो गोंधळ घाला." आणि ते आपल्या ऑफिसात जाऊन बसले. मी आणि आत्या काचेच्या खोलीत शिरलो. आत्या खुर्चीत बसली नाही. दाराशी उभी राहिली, पाहुण्यासारखी.

मी टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरची पाठ बघितली आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. दोन नेटवर्क कार्डं! शेजारी शेजारी, अगदी जुळ्या बहिणींसारखी. एका कार्डातून वायर सेटरच्या खोलीत जात होती, दुसऱ्यातून हॅचरच्या. वायरी दोन्ही करड्या, कुठे खूण नाही, चिठ्ठी नाही. हे असलं काही दिसलं की माझे हात शिवशिवायला लागतात.

"काय सापडलं?" आत्याने लगेच विचारलं.

"अजून काही नाही. पण वास येतोय. हा कॉम्प्युटर नवीन आहे का?"

"हो. आधीच्याला एकच वायर होती. हा त्या खेपेच्या जरा आधीच आला. का गं?"

मग मी तिला सांगायला बसले. मला असं कुणी "का गं" विचारलं की मी सुटतेच. म्हटलं, हे बघ, तुझी प्रत्येक मशीन तारेवरून या कॉम्प्युटरशी बोलते. बोलायचं तर प्रत्येकीला पत्ता हवा. तो कुणी हाताने देत बसत नाही. मशीन सुरू झाली की तारेवर हाक मारते, मला कुणी पत्ता देता का? हा कॉम्प्युटर ती हाक ऐकतो आणि मोकळा असेल तो पत्ता तिला देऊन टाकतो, आपोआप. तोही कायमचा नाही, भाड्याने. मुदत सरत आली की मशीन पुन्हा विचारते, हाच चालू ठेवू का?

"बरं."

"आता याला कान दोन. एका कानावर सेटरच्या हाका येतात, दुसऱ्यावर हॅचरच्या. ज्या कानाने हाक ऐकली त्या बाजूचा पत्ता द्यायचा असं त्याला शिकवलेलं असतं. सेटरवाल्या एका गल्लीत राहायच्या, हॅचरवाल्या दुसऱ्या. इथे शिकवण्यात गफलत झाली असेल तर भलत्या मशीनला भलत्या गल्लीतला पत्ता जातो, आणि पडदा तिला जुन्या घरी शोधत बसतो."

आत्याने थोडा विचार केला. "आणि एकीने हाक मारलेली दोन्ही कानांनी ऐकली तर?"

हा प्रश्न फार चांगला होता. आमच्याकडची शिकाऊ मुलं तो विचारत नाहीत. मी म्हटलं, तेच तर बघायचंय.

मला पक्कं वाटत होतं की कॉम्प्युटरवाल्याने इथेच माती खाल्ली असणार. मी एकेक मशीन बंद करून चालू केली. सेटरने हाक मारली, सेटरच्या गल्लीतला पत्ता मिळाला. हॅचरने मारली, हॅचरच्या. अख्खा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच, एकदम चोख. मुदत मुद्दाम कमी करून बघितली, भाडं संपल्यावर मशीन काय करतात ते बघितलं. शहाण्या बाळांसारख्या आपापला पत्ता धरून बसल्या. त्या कॉम्प्युटरवाल्याने काम नेटकं केलं होतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

दुपार झाली. सगळं बरोबर असण्यासारखा दुसरा वैताग नाही. बिघाड समोर असेल तर त्याच्याशी भांडता तरी येतं. आणि त्या खेपेच्या वेळचं काही मागे उरलं असेल म्हणून शोधलं, तर तेही नाही. पडद्यावरचा प्रोग्रॅम फक्त आत्ताचा आकडा दाखवायचा, मागचं काहीच ठेवायचा नाही. पत्ते कुणाला कुठले दिले होते तेही, कॉम्प्युटरवाल्याने आल्या आल्या तो बंद करून चालू केला तेव्हा पुसलं गेलेलं. आमच्या धंद्यातला हा पहिला इलाज, आणि बहुतेक वेळा शेवटचाही.

आत्या माझ्या तोंडाकडे बघून सगळं समजली. "राहू दे," ती म्हणाली. "लागली असेल डुलकी."

"गप्प बस गं जरा," मी खेकसले. मग वाईट वाटलं म्हणून म्हटलं, "मला एक सांग. नवीन कॉम्प्युटर आल्यावर तुला काय वेगळं वाटलं? कसलंही. मूर्खपणाचं असलं तरी सांग."

"वेगळं काय..." तिने पडद्याकडे बघितलं. तिथे सेटरचा आकडा साडेसदतीसवरून एका दशांशाने खाली आला आणि पुन्हा वर गेला. "हे असं हलतंय ना, तसं त्या खेपेला हलत नव्हतं. एकदम स्थिर. मला तर कौतुक वाटलं. गार अंडी आत गेली की आकडा थोडा पडतोच, मशीनला धाप लागते. त्या वेळी पापणीसुद्धा लवली नाही. म्हटलं, नवीन यंत्र म्हणजे नवीन यंत्र."

खरं तापमान कधी गप्प बसत नाही. न हलणारा आकडा म्हणजे कुणीतरी बोलायचं थांबलंय आणि पडदा त्याचं शेवटचं वाक्य धरून बसलाय.

"आत्या," मी उठून उभीच राहिले. "डुलकीचं सोड. तू त्या खेपेच्या आधी इथे जे जे केलंस ते सगळं आत्ता माझ्यासमोर कर. अगदी तसंच. एक गोष्ट गाळू नकोस."

"काही विशेष नाही केलं. मशीन धुतल्या, चालू केल्या, तापल्या. मग शेवटी हे टेबल पुसलं. अंडी यायच्या आधी टेबल पुसायचंच, हा माझा नियम."

"मग पूस."

तिने कपाटातून फडकं काढलं, बाटलीतलं औषध त्यावर मारलं. पडदा पुसला, कडा पुसल्या, कळफलक उलटा करून झटकला. किती दिवसांनी त्या टेबलाला हात लागला होता, तिचा चेहरा जरा सैलावला. मग सरावाने ती टेबलाच्या मागे गेली आणि वाकली. खट, खट. दोन्ही वायरी काढल्या. त्यांची टोकं पुसली, कार्डांच्या खाचा हलक्या हाताने पुसल्या. आणि उजवीकडची वायर डावीकडे लावली, डावीकडची उजवीकडे.

"थांब," मी म्हटलं. "हे काय केलंस?"

"काय केलं? पुसलं."

"वायरी."

"अगं, अदलाबदल केली." मी एवढं साधं कसं विचारते याचं तिला नवल वाटलं. "ट्रेची करतो तशी. प्रत्येक धुण्याला वरचा ट्रे खाली, खालचा वर. एकाच जागी ठेवला की एकाच अंगाला ताप बसतो, तिथेच झिजतो. इथे सगळ्याची अदलाबदल होते. बुटांच्या जोडांचीसुद्धा. याला मागे दोन सारखी भोकं दिसली, म्हटलं बिचारं एकच का झिजावं?"

मी मान वळवली. पडद्याकडे बघितलं. साडेसदतीस. हिरवा. हालचाल बंद. ना लाल अक्षर, ना अलार्म.

"आता बस खुर्चीत," मी म्हटलं. "मी आत जाते. तिथून विचारलं की मोठ्याने आकडा सांग."

सेटरच्या खोलीत पंख्यांची घरघर होती, पण मधलं दार मी उघडं ठेवलं. मी एका रिकाम्या सेटरचं दार सताड उघडलं. ऊब अंगावर आली आणि निघून गेली. मशीनवरच्या छोट्या पट्टीत आकडा भराभर उतरायला लागला.

"किती?" मी ओरडले.

"साडेसदतीस!"

पट्टीवर छत्तीस. चौतीस.

"किती?"

"साडेसदतीस!"

बत्तीस. मी पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर आत्या खुर्चीतून उठून काचेशी आली होती. दोन्ही हात काचेवर टेकून ती माझ्या शेजारच्या पट्टीतला आकडा वाचत होती.

मी परत आले तेव्हा ती तशीच उभी होती. मी कॉम्प्युटरवर बघून घेतलं, नुसती खातरजमा. सेटरने नव्या कानात हाक मारली होती आणि कॉम्प्युटरने इमानेइतबारे तिला हॅचरच्या गल्लीतला पत्ता देऊन टाकला होता. पडदा जुन्या पत्त्यावर वाट बघत होता, आणि वाट बघताना शेवटचा आकडा दाखवत होता.

"पण मग तो माणूस आला तेव्हा अलार्म कसा वाजला?" आत्याने विचारलं. आवाज अगदी हळू.

"खेप गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

"धुतलं. मेलेली खेप बाहेर काढली की त्याच दिवशी सगळं धुवायचं असतं. मी रडत रडत..." ती थांबली. "टेबल पण मीच पुसलं. तो यायच्या आधी."

म्हणजे वायरी पुन्हा आपापल्या जागी. त्यानंतर टेबल मालक पुसायचे, म्हणजे पुसायचेच नाहीत, आणि वायरींना कुणी हात लावला नाही. मी मनातल्या मनात नाचत होते. इतका सुरेख बिघाड मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. आणि मग आत्याचा चेहरा दिसला आणि माझी मलाच लाज वाटली.

"मग मी जागी होते," ती म्हणाली.

"टक्क जागी होतीस."

"आणि अंडी माझ्याच हातांनी गेली."

"असं नाही," मी घाईघाईने म्हटलं. "वायरींना खूण नाही, ही त्याची चूक. आणि बातमी आली नाही तरी हिरवा आकडा दाखवणारा प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याला तर धरून हलवला पाहिजे. मी मालकांना सांगते ना, कॉम्प्युटरमध्ये दोष होता. खोटं नाहीये ते. वायरींचं बोलायची गरजच नाही."

ती खुर्चीत बसली. पहिल्यांदाच आपणहून बसली. "तो हलला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "गार अंडी आत गेल्यावर आकडा हलत नाही, असं कधी झालंय का? मला माहीत होतं. मी यंत्राचं कौतुक करत बसले." मग उठून पदर सारखा केला. "तू नको बोलूस. मी सांगते."

ऑफिसात मी तिच्या मागे उभी राहिले. तिने बसायला नकार दिला आणि मालकांना सगळं सांगितलं, फडक्यापासून पट्टीतल्या बत्तीसपर्यंत. शब्द गोल केले नाहीत. माझी मेली जीभ मध्येच वळवळली, "त्यात कॉम्प्युटरचाही..." तर तिने हाताने गप्प केलं.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मी तर ते केव्हाच सोडून दिलं होतं. डोळा लागला म्हणून मी कधी राग धरला का? मग हे कशाला अंगावर ओढून घेताय?"

"डोळा लागला नव्हता, साहेब," आत्या म्हणाली. "जे केलं नाही त्याची माफी तुम्ही दिलीत. मला ती पेलवत नव्हती. आता केलंय त्याची द्यायची तर द्या, नाहीतर नका देऊ."

मालकांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. माझ्याकडे वळून विचारलं, "उद्या अंडी येणार आहेत. हे पुन्हा होणार नाही असं करता येईल?"

"संध्याकाळच्या आत."

"मग करा. आणि बाई, तुम्ही त्यांच्यासोबत थांबा. त्या खोलीतलं तुम्हाला जास्त कळतं." दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "उद्या खुर्चीत तुम्ही बसा. फक्त वायरी तेवढ्या झिजू द्या."

मी कामाला लागले. आधी वायरी जागेवर लावल्या. सेटरच्या वायरीला आणि तिच्या खाचेला लाल पट्टी, हॅचरच्याला निळी. मग कॉम्प्युटरला शिकवलं की दोन्ही कानांवर कोण कोण बोलणार हे आधीच ओळखून ठेव, आणि भलत्या कानात ओळखीचा आवाज आला तर गुपचूप पत्ता देऊ नकोस, बोंब मार. शेवटी पडद्याच्या प्रोग्रॅममध्ये घुसले. ते काम किचकट होतं. एखाद्या मशीनकडून थोडा वेळ बातमी आली नाही की तिचा आकडाच पुसून टाकायचा आणि अलार्म द्यायचा, असं करायचं होतं. आत्या माझ्या मागे खुर्चीत बसून प्रश्न विचारत होती. भाडं संपताना वीज गेली तर? दोन मशीननी एकदम हाक मारली तर? मी उत्तरं देत होते, तिच्याकडे न बघता. मग प्रश्न हळूहळू कमी झाले.

"झालं!" मी म्हटलं. "आता मी वायर काढते. अलार्म वाजतो का बघू. कानावर हात ठेव."

उत्तर नाही. वळून बघितलं तर आत्या झोपली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हातात ते फडकं तसंच. पडद्यावर साडेसदतीसचा आकडा एका दशांशाने हलत होता, खाली, वर, पुन्हा खाली.

तेवढ्यात दार उघडलं आणि मालक आत आले. काचेच्या खोलीतली खुर्ची, समोर चालू पडदा आणि गाढ झोपलेली आत्या. ते तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "चाचणी?"

माझ्या बोटांत वायर होती. ओढायचीच बाकी होती. मी जन्मात कधी कसली वाट बघितलेली नाही.

"जरा वेळाने करू," मी म्हटलं.

मालकांनी मान हलवली. पाय न वाजवता ते सेटरच्या खोलीत गेले, एक उलटा ट्रे ओढून मशीनसमोर बसले, आणि पट्टीवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघत राहिले.